दिवेआगर ते आंबोली: सागरी मार्गाने आठ दिवस, भरती-ओहोटीच्या हिशेबाने

खाडीपलीकडे

नमस्कार. माघ पौर्णिमेच्या आसपास आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई, पुण्याहून निघून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळे या वाटेने दिवेआगरला पोहोचलो. तेथून किनारा धरून सावंतवाडीपर्यंत गेलो आणि आंबोलीचा घाट चढून परत आलो. गाडी साधी, लहान, तिच्या पोटाला जमिनीपासून फारशी उंची नसलेली. आठ दिवस लागले आणि एकूण अंतर हजार किलोमीटरच्या थोडे वर गेले. हा धागा मुख्यतः एका गोष्टीसाठी काढतो आहे: या मार्गाचे नियोजन किलोमीटरवर करू नये, खाड्यांवर करावे. निघण्यापूर्वी हे कोणी सांगितले असते तर माझे दोन दिवस आणि गाडीचा पुढचा बंपर वाचला असता.

नकाशा पाहिला की असे वाटते की किनाऱ्याने एक रस्ता खाली उतरत जातो. प्रत्यक्षात सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास किलोमीटरवर असल्यामुळे येथील नद्या आखूड आहेत, आणि त्यांच्या मुखांतून भरतीचे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उंच, उघडा सडा असतो. त्यामुळे रस्ता माडाच्या आगरातून निघतो, नागमोडी वळणांनी सड्यावर चढतो, तेथे दहा मिनिटे सरळ धावतो आणि पुन्हा खाडीच्या काठी उतरून थांबतो. पुढे पूल असेल तर ठीक, नसेल तर गाडी फेरीबोटीत घालायची. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना कल्पिलेल्या रेवस–रेडी मार्गावर आजही अशा चार मोठ्या जागा आहेत: राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा–दिघी, सावित्रीवर बागमांडले–वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे आणि शास्त्री नदीवर तवसाळ–जयगड. आम्ही दिवेआगरपासून सुरुवात केल्यामुळे पहिली चुकली आणि उरलेल्या तीन केल्या.

पहिला दिवस पोहोचण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दिवेआगरहून आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता घेतला. समुद्र उजव्या हाताला इतका जवळ असतो की आईने काच खाली करून पूर्ण वेळ हात बाहेर ठेवला होता, आणि मीही तिला रागावलो नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, हे तेथील पाटीवरही लिहिलेले आहे. आम्ही भर भरतीला पोहोचलो आणि देवळातूनच परतलो. हा पहिला धडा होता, तो मी शिकलो नाही.

बागमांडल्याच्या धक्क्यावरून सावित्री ओलांडताना अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब पाण्यात उभे दिसतात. पलीकडे वेश्वीला उतरले की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. बाणकोटचा किल्ला तेथून अगदी जवळ आहे आणि त्याच्या पलीकडे वेळास. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी वेळासला एक रात्र जरूर ठेवावी. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात येथील वाळूत अंडी घालतात. ती गोळा करून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरली जातात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केले. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण ती दिसतीलच याची हमी कोणी देत नाही. आम्ही संध्याकाळी रिकाम्या टोपल्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीन पिल्ले निघाली. त्यांतले एक समुद्राकडे पाठ करून आमच्याच दिशेने चालू लागले, तेव्हा दोरीमागे उभी असलेली पन्नास माणसे एकदम श्वास रोखून गप्प झाली. पिल्लू काही वेळाने आपले आपण वळले.

वेळास ते केळशी हा पट्टा नकाशावर बोटभर आहे आणि गाडीत तो संपता संपत नाही. केळशीनंतर आडे, पाडले, आंजर्ले हा समुद्राकाठचा अरुंद रस्ता मला संपूर्ण प्रवासात सर्वांत आवडला. समोरून एसटी आली तर कोणी मागे जायचे हे ठरवावे लागते, आणि ते नेहमी आपणच असतो. कड्यावरच्या गणपतीपर्यंत आता गाडी जाते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांचा प्रश्न आला नाही. वरून सुवर्णदुर्ग पाण्यात बसलेला दिसतो. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला.

दाभोळची फेरी सुरळीत झाली. ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामुळे दापोलीकडून गुहागरला जाताना खेड–चिपळूणचा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा टळतो. गुहागरला दोन रात्री राहिलो. त्या गावात पाहण्यासारखे फार काही नाही, आणि नेमके तेच आम्हाला हवे होते.

आता बंपरची गोष्ट. पुढच्या एका धक्क्यावर आम्ही संध्याकाळी सहाच्या सुमारास पोहोचलो. पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली. पाणी इतके खाली गेले होते की उताराचा नेहमी बुडालेला, शेवाळलेला भाग उघडा पडला होता आणि बोटीची फळी त्यावर फार तिरकी टेकली होती. बोटीवरचा माणूस ‘तिरकी घ्या, तिरकी घ्या’ म्हणून ओरडत होता. मी सरळ घेतली. आवाज पलीकडच्या तीरापर्यंत गेला असावा. चूक संपूर्ण माझी होती.

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे या बाजूने विजयदुर्ग, मग देवगड, कुणकेश्वर, आचरे, मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी असे पुढे गेलो. या भागाबद्दल सविस्तर प्रतिसादांत लिहीन. जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, सावंतवाडीनंतर आंबोलीऐवजी दोडामार्गावरून तिलारी घाटाने चढणे अधिक चांगले झाले असते का? दुसरा, विजयदुर्गावर आम्हाला सांगण्यात आले की हेलियम वायूचा शोध तेथूनच लागला; हे कितपत खरे आहे?

---

तरीवाला

उत्तम धागा. बंपरबद्दल सहानुभूती आहे, परंतु आपण गणित केले असते तर ते टळले असते. ते कोकणात कोणत्याही म्हाताऱ्याला येते. तिथीला पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा वाजता. आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. दिवसात हे चक्र दोनदा होते. प्रत्यक्ष वेळ अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होते, पण प्रवासाला तेवढे पुरते.

आपण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रतिपदेला, सहा वाजता पोहोचलात. प्रतिपदेची भरती पाऊण वाजता, म्हणजे सुकती सातच्या सुमारास. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, तेव्हा चढ-उतार कमी असल्याने कोणत्याही वेळी गाडी घाला, फरक पडत नाही. खाली बसकी गाडी असेल तर उधाणाच्या दिवसांत सुकतीची वेळ टाळावी, एवढाच नियम. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याच्या बरोबर उलट: तेथे सुकतीच धरायची.

---

खाडीपलीकडे

तरीवाला, हे आईला वाचून दाखवले. तिने सांगितले की तिच्या माहेरी हे गणित तिलाही येत होते, पण गाडीत तिला कोणी विचारले नाही.

---

भाऊचा धक्का

मुंबईहून निघणाऱ्यांसाठी भर घालतो. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो सुरू आहे. त्यामुळे पनवेल–पेणची वाहतूक टाळून थेट अलिबाग तालुक्यात उतरता येते आणि खाड्यांच्या यादीत एका समुद्राची भर पडते. तेथून रेवदंडा, काशीद, मुरूड, आगरदांडा असे गेल्यास मूळ लेखात सुटलेली पहिली फेरीही होते.

या पट्ट्यातील जंगलाचा उल्लेख करायलाच हवा, कारण लोक काशीदच्या वाळूवर थांबतात आणि पाठीमागच्या डोंगराकडे पाहतही नाहीत. फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. त्यापूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते, म्हणूनच ते तुटले नाही. सुपेगावच्या बाजूने आत जाता येते. पहाटे गेलात तर शेकरू दिसण्याची बरीच शक्यता आहे. समुद्रापासून इतक्या जवळ इतके दाट रान उत्तर कोकणात मला दुसरीकडे पाहायला मिळालेले नाही.

---

अवकाशवेडी

हेलियमबद्दल. ही कथा इतक्या वेळा छापली गेली आहे की ती आता किल्ल्याचाच एक बुरूज झाली आहे, तरीही ती जशी सांगतात तशी खरी नाही.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याचा पट्टा भारतातून गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या आणि ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्यांच्या लक्षात आले. मच्छलीपट्टणमहून पॉगसन यांनी आणि आपल्या जमखंडीहून लेफ्टनंट हर्शेल यांनीही निरीक्षणे केली. ज्यांचे नाव विजयदुर्गाशी जोडले जाते ते नॉर्मन लॉकयर त्या वर्षी भारतात आलेच नव्हते. त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा पाहिली आणि ती सोडियमची नाही असा निष्कर्ष काढला. पुढे त्या अज्ञात मूलद्रव्याला ग्रीक सूर्यदेवतेवरून हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते रॅमझी यांना १८९५ मध्ये सापडले.

किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे या कथेशी जोडले गेलेले चौथरे, अवश्य पाहावेत. परंतु ‘हेलियमचे पाळणाघर’ म्हणून शाळकरी मुलांना सांगू नये. त्या शोधाचा महाराष्ट्राशी खराखुरा धागा हवाच असेल तर जमखंडी आहे. ते आज कर्नाटकात असले तरी पटवर्धनांचे संस्थान होते.

---

उधाण

अवकाशवेडी, हे वाचून वाईट वाटले, कारण मी स्वतः दोन पुतण्यांना तेच सांगितले आहे. मात्र विजयदुर्गाला या कथेची गरज मुळीच नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्रातून आणि जमिनीवरून हल्ला करून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि आंग्र्यांचे आरमार तेथेच जळाले. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, वाघोटण खाडीच्या काठी, खडक कोरून केलेली आंग्रेकालीन गोदी आहे. तेथे जहाजे दुरुस्तीला घेत. ती पाहायला जवळजवळ कोणीच जात नाही. गिर्ये येथील रामेश्वर मंदिर त्याच रस्त्यावर आहे. मंदिरात उतरताना दोन्ही बाजूंना कातळ कापलेला दिसतो, तेथे क्षणभर थांबावे.

---

कातळसडा

मूळ लेखकाने कशेळीचे नाव एका स्वल्पविरामात उरकले, त्यावर माझा आक्षेप आहे. राजापूर तालुक्यातील त्या गावाच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. त्या हत्तीच्या देहात मासे आणि इतर अनेक प्राण्यांच्या आकृती आहेत. जमिनीवर उभे राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही. कडेने पूर्ण फिरावे लागते, तेव्हा कोठे सोंडेची ओळ पायाची ओळ गाठते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील अशी कातळशिल्पे स्थानिक शोधकांनी गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरून नोंदवली, आणि उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि कुडोपी ही महाराष्ट्रातील ठिकाणे, गोव्यातील फणसाईमाळासह, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली.

पाहायला जाणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. रेषा नीट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, चुना किंवा पाणी घालू नये. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे. ऊन तिरपे असले की रेषांमध्ये सावली भरते आणि चित्र आपोआप उठून दिसते. दुपारी बारा वाजता तेथे काहीही दिसत नाही, आणि डोक्यावर आडोसा नसल्यामुळे माणूसही फार वेळ टिकत नाही. जमीन बहुधा कोणाच्या तरी मालकीची असते, तेव्हा गावात विचारून जावे.

---

खाडीपलीकडे

आक्षेप मान्य आहे. आम्ही कशेळीला कनकादित्याचे दर्शन घेतले आणि सड्यावर दुपारी एक वाजता गेलो. आपण म्हणता तसेच झाले: आम्हाला चार रेषा दिसल्या आणि पत्नीला चक्कर आल्यासारखे झाले. म्हणूनच स्वल्पविराम.

पुढच्या भागाबद्दल थोडे लिहितो. देवगडला कलमांचा मोहोर ऐन भरात होता. सड्यावर गाडी थांबवली की त्याचा वास समुद्राच्या वाऱ्यालाही हटवत होता. कुणकेश्वरपासून मिठबाव, आचरे, तोंडवळी या बाजूने मालवणला जाणारा रस्ता संथ आहे. पूल झाले असल्याने फेरी कोठेही लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यात आईला नेले. होडीत चढताना दोघांनी धरावे लागले. शिवरायांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये बांधकाम सुरू केलेल्या या किल्ल्याचा तट बाहेरून पाहताना तो नुसता दगड वाटतो, परंतु दारापाशी गेल्याखेरीज दार दिसत नाही, ही खरी करामत आहे. मालवण शहरातील गर्दी आणि पाण्यातील खेळांचा गलका मात्र आम्हाला सोसला नाही, म्हणून एक रात्र कमी करून भोगव्याला सरकलो. निवतीच्या किल्ल्यावरून संध्याकाळी जे दिसले ते लिहिण्याचा प्रयत्न दोनदा केला आणि खोडला.

वेंगुर्ल्याकडे एका वळणावर बायका सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला बसल्या होत्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये आरवली, आसोली या भागात सुरंगी फुलते. फुले झाडाच्या फांदीलाच बिलगून येतात आणि उमलण्याआधी, पहाटे, काढावी लागतात. तो वळेसर आठ दिवसांनी सुकला तरी गाडीला अजून वास आहे.

---

पाखाडी

मी दाभोळ परिसरातील आहे. या धाग्यात फेऱ्यांचे कौतुक बरेच झाले, ते वाचून बरे वाटले. आमच्या दाभोळच्या फेरीला आम्ही जंगलजेटी म्हणतो. नावात जंगल कोठून आले ते मला विचारू नका. पण एक बाजू राहून गेली. पर्यटकाला फेरी म्हणजे वीस मिनिटांचा आनंद असतो. आमच्या घरात रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखले, तर समोरच्या तीरावरचे दिवे दिसत असूनही तिकडे जाता येत नाही. रात्रीची शेवटची फेरी गेल्यावर ही खाडी किती रुंद होते, ते दिवसा येणाऱ्याला समजणार नाही. पावसाळ्यात वारा उठला तर दिवसासुद्धा बोट थांबते, आणि ती थांबवणे योग्यच असते.

त्यामुळे पूल झाले तर प्रवासाची मजा जाईल, असे कोणी येथे लिहिण्यापूर्वी हे वाचावे. आता काही पुलांची कामे सुरू झाली आहेत. आमच्या वडिलांनी ‘पुढच्या वर्षी पूल होणार’ हे वाक्य आयुष्यभर ऐकले, तेव्हा मी गाडी त्यावरून गेल्याखेरीज विश्वास ठेवणार नाही.

---

वळणवाट

पाखाडी यांचे म्हणणे मनाला लागले, आणि मजा जाईल असे लिहिणारा मीच असतो. तरी एक शंका नोंदवतो. पूल आणि रस्त्याचे रुंदीकरण एकत्र येते. आडे–पाडले–आंजर्ले हा रस्ता दुपदरी करायचा तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला आगरे आहेत. जागा कोठून येणार? खाडीवर पूल हवाच, पण गावांमधून जाणारा रस्ता आहे तसाच राहिला आणि जड वाहतूक वरून सड्यावरून गेली, तर दोन्ही साधेल असे मला वाटते.

---

पाखाडी

वळणवाट, याला माझी हरकत नाही. आमच्या वाडीतून डंपर जावेत असे आम्हालाही वाटत नाही. रुग्णवाहिका जावी एवढेच आहे.

---

देवराई

आंबोली की तिलारी, या प्रश्नाचे उत्तर ऋतूवर आणि चालकावर अवलंबून आहे.

फेब्रुवारीत आपण आंबोली निवडली हे योग्य केले, परंतु आंबोलीचे खरे दिवस ते नव्हेत. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस घेणारे ते गाव जून ते सप्टेंबर या काळात जगते. मलबार ग्लायडिंग बेडूक, हिरवा चापडा हा साप आणि केवळ याच भागात सापडणारा, २००९ मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन झाले तो आंबोली टोड, हे सर्व पावसाचे रहिवासी आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर तेथे हिरण्यकेशीचे उगमस्थान पाहावे. देवळासमोरच्या कुंडात राहणाऱ्या चिमुकल्या माशाची ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही नवी जाती २०२० मध्ये नोंदली गेली आणि त्या एका माशासाठी ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. कुंडात पाय बुडवून बसणाऱ्यांना हे शांतपणे सांगावे. चौकुळच्या बाजूला संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात, तेव्हा हॉर्न न वाजवता गाडी थांबवून वाट पाहावी.

तिलारी घाट हा वेगळा प्रकार आहे. चढ तीव्र, वळणे आखूड आणि रस्ता ओसाड. उतरताना ब्रेक तापतात, म्हणून चढण्यासाठी तो बरा, उतरण्यासाठी नवशिक्याने घेऊ नये. रान मात्र आंबोलीपेक्षा सलग आहे. २०२० मध्ये तेथील सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले, आणि ते कर्नाटक व गोव्याच्या जंगलांना जोडलेले असल्यामुळे वाघाचा वावरही नोंदला गेला आहे. २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्ती दोडामार्ग तालुक्यात येत-जात आहेत. माड, केळी आणि सुपारी यांचे तेथील शेतकऱ्यांनी जे नुकसान सोसले आहे, त्यामुळे ‘आम्हाला हत्ती दाखवा’ असे गावात विचारणे बरे दिसत नाही. अंधार पडल्यावर त्या रस्त्याने जाऊ नये.

त्याच तालुक्यात बांबर्डे–हेवाळे परिसरात रानजायफळाची पाणथळ देवराई आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वर वाकलेली मुळे श्वासासाठी बाहेर आलेली दिसतात. असे जंगल महाराष्ट्रात अत्यंत विरळ आहे आणि ते टिकले ते देवाच्या नावावर राखले म्हणून. स्थानिक माणूस बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नये, कारण पाऊल चुकीचे पडले की मुळांनाही इजा होते आणि आपल्यालाही.

---

दुचाकीस्वार

हा मार्ग मोटारसायकलवरून करण्याचा विचार आहे. चार दिवस पुरतील का?

---

तरीवाला

पुरतील, पण मग राष्ट्रीय महामार्ग ६६ घ्या. तो आतून जातो आणि खाड्या वरच्या बाजूला पुलांवरून ओलांडतो. चार दिवसांत किनाऱ्याने जायचे असेल तर अर्धाच टप्पा निवडा. दिवेआगर ते गुहागर हा फेऱ्यांचा अर्धा, आणि रत्नागिरी ते रेडी हा सड्यांचा आणि किल्ल्यांचा अर्धा. सड्यावर दुपारचा आडवा वारा दुचाकीला जाणवतो आणि जांभ्याची लाल माती वळणांवर सांडलेली असते, तेथे वेग कमी ठेवा. पेट्रोल पंप मोठ्या गावांतच भेटतात, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरावी.

---

रेडीकर पाहुणा

मूळ लेखक वेंगुर्ल्याहून सावंतवाडीकडे वळले, म्हणून मार्गाचे शेवटचे टोक त्यांच्याकडून राहिले. शिरोड्याहून रेडीला जावे. तेथे यशवंतगड आहे, झाडांच्या मुळांनी अर्धा गिळलेला, आणि १९७६ मध्ये खाणीच्या जागेत सापडलेली गणपतीची भव्य मूर्ती आहे. पुढे आरोंद्याचा पूल ओलांडला की किरणपाणीला आपण गोव्यात असतो. तेरेखोलचा किल्ला मात्र नदीच्या अलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्याचा आहे. तेथून केरीला जाणारी फेरी आहे, तेव्हा ज्यांना खाड्या मोजायच्या आहेत त्यांनी आकडा एकाने वाढवावा.

---

खाडीपलीकडे

सर्वांचे आभार. आईने पंचांग काढून वैशाखातील अष्टमी पाहून ठेवली आहे. भांगाचे पाणी असेल आणि हापूसही तयार असेल, असे तिचे म्हणणे आहे. या वेळी मांडव्यापासून सुरुवात करून आगरदांड्याची राहिलेली फेरी घ्यायची, कशेळीला सकाळी सात वाजता पोहोचायचे आणि रेडीपर्यंत जायचे असे ठरते आहे. तरीवाला, अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास सुकती असली तरी बसकी गाडी बोटीत घालायला हरकत नाही ना, एवढे कृपया पुन्हा एकदा सांगा.

---

तरीवाला

हरकत नाही. तरीही तिरकी घ्या.